दगड होता तसा

पहिला नियम मी फळ्यावर लिहीत नाही,
पाण्यात उतरतानाच सांगते:
दगड उचला, खालचं बघा,
आणि दगड होता तसा, होता तिथंच ठेवा.
त्याच्या पोटाशी कुणाचं तरी बिऱ्हाड असतं.

जुलै. आमच्या क्वाझुलूत ऐन थंडी.
कोरफडींना लाल तुरे, गवत पिवळं,
ओढा इतका रोड की बरगड्या मोजाव्यात.
सातवीची एकवीस मुलं, गमबूट अकरा जोड;
बाकीच्यांनी पॅन्टी गुडघ्यांवर दुमडल्या
आणि पहिलं पाऊल टाकताच
झाडून सगळ्यांना आई आठवली.

जाळ्या आम्हीच केलेल्या.
कपडे टांगायच्या तारेचं कडं,
त्यावर माझे जुने पायमोजे ताणून शिवलेले, लांब, फाटके.
हे नोक्वांडाने वर्गभर केलं होतं,
त्यामुळे जाळी बुडवताना मुलं उगाच खुदखुदत होती.

दगड उचला. तळ ढवळा. जाळी धरा.
आइस्क्रीमच्या पांढऱ्या डब्यात ओता.
आता थांबा.
आधी नुसता गाळ दिसतो.
मग गाळातला एक कण चालायला लागतो.

"बाई, याला तीन शेपट्या!"
"लिही अकरा."
"बाई, जळू!"
"दोन."
"दोनच? माझं एवढं रक्त प्यायली ती!"
इंकालांकाला, म्हणजे खेकडा, सहा गुणांचा.
त्याला मी भिते हे सगळ्यांना ठाऊक आहे,
म्हणून तो दर वेळी माझ्याच हातात येतो.

लुंगेलो वर्गात बोलत नाही.
हजेरीलाही नुसता हात वर करतो.
पुलाच्या वरच्या अंगाला तो एकटाच वाकून होता;
डबा जपत आला, बोटाने दाखवलं.
चपटा, मधाच्या रंगाचा, शेपट्या दोन,
डब्याच्या तळाला असा घट्ट धरून
जणू डबासुद्धा वाहतोय.
"सतरा," तो म्हणाला. मोठ्याने.
अख्ख्या तक्त्यात याच्या वर कुणी नाही.
पाणी जरा बिघडलं की हा सगळ्यात आधी जातो,
न सांगता.

मग पुलाच्या खाली, शाळेच्या मागे.
तेच दगड, तीच जाळी.
हाताला बुळबुळीत काहीतरी. गांडुळं. जळवा.
जळवा. गांडुळं.
बेरीज केली, भागिलं: दोन पूर्णांक एक.
पुन्हा करा म्हटलं. पुन्हा तेवढंच.

मुलं काठाने वर चालत गेली,
चोराच्या मागावर असल्यासारखी, ओठांवर बोट.
लव्हाळ्यात एक पाइप सापडला.
त्यातून करडं, कोमट पाणी, वर फेस,
फेसात घेवड्याची सालं.
घेवडा आम्ही कालच खाल्ला होता.
पाइपच्या मागे मागे जाऊन
आम्ही आमच्याच स्वयंपाकघराच्या भिंतीला लागलो.

आत लुंगेलोची आई पातेलं घासत होती,
कोपरापर्यंत आत गेलेली.
एवढी मुलं दारात बघून हसली:
"आज लवकर भूक लागली?"

तक्त्याच्या तळाशी एक ओळ असते,
*प्रदूषणाचं संभाव्य कारण.*
पुढे रिकामी जागा, चार बोटं रुंद.
कुणीच पेन्सिल घेईना.
नोक्वांडा पहिल्यांदाच गप्प.
लुंगेलोने हात वर केला,
पेन्सिल घेतली, पाठीवर वही टेकवायला
पुढच्या मुलाला वाकवलं, आणि लिहिलं:
*आमचं जेवण.*

आईने हात पुसून वही वाचली.
मग डब्यापाशी उकिडवी बसली,
त्या दोन शेपट्यांकडे बराच वेळ बघत.
"हा वर राहतो?"
लुंगेलोने मान हलवली.
"आणि खाली नाही."
तिनं पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"बरं. मग हे पाणी मी ओतू कुठं?"

एकवीस मुलं वळून माझ्याकडे बघायला लागली.
माझ्या मुठीत खेकडा होता.
तो सोडायचा राहिलाच होता.